प्रेस शॉपमध्ये ‘सेफ्टी कोऑर्डिनेटर’ म्हणून नाव लागलं, आता नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये तुम्ही प्रॉडक्शन सुपरवायझर आहात. प्रेस मशीनवर पत्रा दाबून-कापून गाड्यांचे पार्ट बनतात, कंत्राटी धरून १८० माणसं आहेत. ग्राहक कंपनीचं ऑडिट जवळ आलं तेव्हा मालकांनी ‘आजपासून सेफ्टी कोऑर्डिनेटर तुम्ही’ असं सांगितलं आणि नोटीस बोर्डावर तुमचा फोटो लागला. पगार तोच, प्रॉडक्शनचं टार्गेटही तेच. तुम्ही विचारताय की काम नक्की कोणतं, सही कशावर करायची, उद्या कुणाची बोटं गेली तर जबाबदार कोण आणि पुढे यातच करिअर करावं का.

भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून मी बरीच वर्षं काढली आहेत आणि त्यातली बहुतेक प्रेस शॉपमध्येच. त्यामुळे उत्तर त्या अनुभवातून देतो. तुमच्याकडे प्लेटिंग किंवा पेंट शॉप असेल, युनियन असेल, मालक रोज शॉपवर येणारे असतील किंवा पुण्यात बसणारे असतील, तर यातल्या काही गोष्टी बदलतील.

तुम्हाला कामाची यादी मिळाली नाही ही अडचण आहेच, पण ती दुय्यम. खरी अडचण वेगळी आहे. बोर्डावर एक नाव लागलं की बाकीच्यांना सुटल्यासारखं वाटतं. गार्डचं, म्हणजे मशीनच्या संरक्षक जाळीचं विचारलं तर मेंटेनन्सवाला म्हणतो, ‘सेफ्टीला सांगा.’ डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे सांभाळणारी टूल रूम म्हणते, ‘सेफ्टीने सही दिली की डाय चढवतो.’ पण गार्ड बसवायला लागणारा माणूस, पैसा आणि मशीन थांबवायचा अधिकार यांपैकी एकही गोष्ट तुमच्या हातात नसते. म्हणून सुरुवातीलाच मनाशी पक्कं करा: मशीन सुरक्षित ठेवणं हे ते मशीन चालवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या विभागाचं काम आहे. मशीनपाशी काय धोका आहे ते शोधणं, ज्याच्या हातात पैसा आणि अधिकार आहे त्याच्यापर्यंत ते लेखी पोहोचवणं आणि प्रत्यक्ष बदल होईपर्यंत पाठ न सोडणं, हे तुमचं काम. उरलेल्या सगळ्या ड्यूट्या यातूनच निघतात.

आता कायद्याचं, कारण तुमची मोठी भीती तीच दिसते. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४०-ब मध्ये १,००० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमणं बंधनकारक होतं आणि धोकादायक प्रक्रियांच्या बाबतीत राज्य सरकार त्याहून लहान कारखान्यांनाही ते लावू शकत होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० लागू केली. तिच्यात ही मर्यादा साध्या कारखान्याला ५०० आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याला २५० अशी खाली आली आहे. तुमचे १८० दोन्हींत बसत नाहीत. म्हणजे तुम्ही कायद्याने नेमलेले सुरक्षा अधिकारी नाही, तुमचं पद ही मालकांनी केलेली अंतर्गत व्यवस्था आहे. नियमांचा तपशील सध्या जुन्याकडून नव्याकडे जातो आहे, तेव्हा तुमच्या कारखान्याला आज कोणता नियम लागतो ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात जाऊन विचारा. तिथले अधिकारी फक्त खटले भरायला बसलेले नसतात, नीट विचारलं तर नीट सांगतात.

कारखान्याची मुख्य जबाबदारी मात्र जुन्या कायद्यात होती तिथेच नव्यातही आहे: भोगवटादारावर, म्हणजे कंपनी असेल तर तिच्या संचालकावर. नियम न पाळल्यामुळे मृत्यू झाला तर नव्या संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद, किमान पाच लाख दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्या दंडातला निदान अर्धा भाग मृताच्या वारसांना द्यावा असा आदेश न्यायालय देऊ शकतं. बोर्डावर तुमचा फोटो लावल्याने संचालकांची ही जबाबदारी तुमच्याकडे सरकत नाही. पण याचा अर्थ तुम्ही पूर्ण मोकळे आहात असाही नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली कुणावरही दाखल होऊ शकतो आणि पोलीस सर्वांत आधी शिफ्टच्या सुपरवायझरचं नाव विचारतात. तुमचा खरा धोका कोऑर्डिनेटर म्हणून नाही, सुपरवायझर म्हणून आहे. ‘गार्ड काढ, माल आज जायला हवा’ असं तुम्ही म्हणालात, किंवा कुणी म्हणताना ऐकून गप्प बसलात, तर तुमच्यापाशी बचाव उरत नाही. प्रत्यक्ष प्रकरण उभं राहिलं तर वकील गाठा, मी सांगतोय ते शॉपवर उभं राहून दिसणारं चित्र आहे.

महाराष्ट्रात सुरक्षा अधिकाऱ्यांचे वेगळे नियम १९८२ पासून आहेत. ते तुम्हाला बंधनकारक नसले तरी एकदा वाचाच, कारण त्यांतून पदाची कल्पना स्पष्ट होते. अधिकाऱ्याने व्यवस्थापनाला सल्ला द्यायचा आणि मदत करायची, त्याने थेट सर्वोच्च अधिकाऱ्याला रिपोर्ट करायचं आणि त्याच्या कामाला बाधा आणणारं दुसरं काम त्याला द्यायचं नाही. बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला यायला हवी असंही त्यांत आहे. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. तुमच्या शॉपवर बीड-नांदेडची मुलं असतील, तशी बिहार-ओडिशाचीही असतील. मराठीत लावलेला फलक अर्ध्या माणसांना वाचताच येत नसेल तर तो लावून उपयोग नाही.

तुम्हाला नेमकं उलट दिलं गेलंय. टार्गेटही तुमचं आणि मशीन थांबवायचं तेही तुम्हीच. ते नाकारा असं मी म्हणणार नाही, लहान कारखान्यात दुसरा माणूस नसतो. पण ऑडिटच्या आधी, मालकांना तुमची गरज आहे तेव्हाच, एका पानाचं पत्र मागून घ्या. त्यात चार गोष्टी असू द्या. जिवाला किंवा अवयवाला धोका दिसला तर कुठलंही मशीन, कुठल्याही शिफ्टला थांबवायचा तुम्हाला अधिकार. रोज निदान एक तास सेफ्टीसाठी आणि त्या तासात लाइन दुसऱ्या कुणाकडे. तुमच्या स्वतःच्या लाइनची तपासणी दुसऱ्या विभागाच्या माणसाकडून, म्हणजे समजा टूल रूमच्या प्रमुखाकडून. आणि या विषयात तुमचा रिपोर्ट थेट संचालकांना, प्रॉडक्शन मॅनेजरमार्फत नाही. मालक चारही देणार नाहीत, पण पहिल्या गोष्टीवर अडून बसा. मशीन थांबवता येत नसेल तर तुमच्या नावापुढे लिहिलेल्या पदाने कुणाचं बोट वाचणार नाही.

पत्र मिळालं की फायलींआधी प्रेसपाशी जा. प्रत्येक प्रेसचा क्लच, म्हणजे फ्लायव्हीलची (फिरत्या जड चाकाची) गती रॅमला (वरून खाली येणाऱ्या भागाला) देणारा जोड, कोणता आहे हे लिहून काढा. हे मी मुद्दाम पहिलं सांगतोय, कारण अर्ध्या गार्डिंगचा निर्णय त्यावर ठरतो. जुन्या पिन क्लचच्या प्रेसमध्ये एकदा पेडल दाबलं की रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मधे थांबत नाही. अशा प्रेसला ऑडिटसाठी लाइट कर्टन, म्हणजे हात मधे आला की मशीनला थांबायचा इशारा देणारा किरणांचा पडदा, लावलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. किरण तुटतो, दिवा लाल होतो आणि रॅम तरीही खाली येतो. ऑपरेटरला मात्र वाटतं की आपण सुरक्षित आहोत, त्यामुळे तो आणखी बिनधास्त हात घालतो. पिन क्लचला डायभोवती असं पक्कं गार्ड हवं की पत्र्याची पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही. ते जमत नसेल तर रॅम खाली येण्याआधी बंद होणारं, आणि ते बंद झाल्याशिवाय प्रेस चालू न देणारं इंटरलॉक गार्ड हवं. हाताने पीस ठेवायचाच असेल तर मॅग्नेटची दांडी किंवा चिमटा द्या.

न्यूमॅटिक (हवेच्या दाबावरच्या) क्लच-ब्रेकच्या, म्हणजे मधेच थांबवता येणाऱ्या प्रेसला लाइट कर्टन आणि टू-हँड बटन दोन्ही चालतात, पण तिथेही अंतर मोजा. हात सेकंदाला दोन मीटरपर्यंत वेगाने जाऊ शकतो असं धरून हिशेब करतात. रॅम थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर कर्टन डायपासून निदान ४०० मिलिमीटर लांब हवं आणि कर्टनला स्वतःला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ आणि त्याच्या किरणांमधलं अंतर यांसाठी त्यात आणखी भर घालावी लागते. ब्रेकचं लायनिंग झिजलं की थांबायचा वेळ वाढतो, म्हणजे काल पुरेसं असलेलं अंतर आज अपुरं पडतं. म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक मुदतीने मोजायला लावा आणि आकडा प्रेसवरच लिहून ठेवा. दोन्ही बटनं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच स्ट्रोक (रॅमची एक फेरी) पडावा आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागावीत, अशी वायरिंग असते. ती तशी आहे का ते स्वतः तपासा. एक बटन चिकटपट्टीने बांधून एका हाताने प्रेस चालतोय असं दिसलं तर ऑपरेटरवर ओरडण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, कारण नीट वायरिंग असलेल्या प्रेसवर बांधलेल्या बटनाने स्ट्रोक पडतच नाही.

राउंडची वेळही बदलत ठेवा. सकाळी साडेदहाला सगळे चष्मे घालून असतात. तिसऱ्या शिफ्टला जा, शिफ्ट बदलताना जा, महिनाअखेरीस डिस्पॅचची घाई असते तेव्हा जा. आणि डाय बदलताना नक्की उभे राहा. प्रॉडक्शन चालू असताना गार्ड असतं, डाय सेट करताना ते काढलेलं असतं आणि सेटरचं अर्धं अंग रॅमखाली असतं. तिथे चार गोष्टी पाहा: मेन स्विच बंद करून सेटरने स्वतःचं कुलूप लावलंय का, फ्लायव्हील पूर्ण थांबलंय का, हवेचा दाब सोडलाय का आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक (रॅमला खाली येऊ न देणारा ठोकळा) ठेवलाय का. प्रत्येक सेटरला त्याच्या नावाचं कुलूप आणि एकच किल्ली द्या. हा खर्च इतका किरकोळ आहे की त्याला नाही म्हणणारा मालक मला अजून भेटलेला नाही.

अपघाताची चौकशी हे तुमचं पुढचं मोठं काम. बहुतेक अहवालांत कारणाच्या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ आणि उपायाच्या रकान्यात ‘समज दिली’ असं लिहिलेलं असतं. अशा अहवालाने काहीही बदलत नाही. एका कारखान्यात एका मुलाची दोन बोटं गेली. ‘अडकलेला पीस हाताने काढायला गेला’ इथपर्यंत सगळे थांबले होते. आम्ही पुढे विचारत गेलो. पीस का अडकत होता? डायमधली इजेक्टरची, म्हणजे पीस बाहेर ढकलणाऱ्या भागाची स्प्रिंग तुटली होती. ती कधीपासून तुटली होती? बऱ्याच दिवसांपासून, आणि ऑपरेटरांनी सांगितलंही होतं. मग बदलली का नाही? डाय उतरवली तर लाइन थांबली असती आणि तो निर्णय घ्यायचा कुणी, हे ठरलेलंच नव्हतं. पीस काढायला चिमटा का नव्हता? मागितला होता, स्टोअरमध्ये आलाच नाही. त्या मुलाने दिवसभरात शेकडो वेळा हात घातला असेल आणि प्रत्येक वेळी त्याला कुणीतरी पाहिलं असेल. निष्काळजीपणा शोधायचाच तर तो वरपर्यंत शोधावा लागतो. नंतर तिथे नियम झाला की इजेक्टर बिघडला तर ऑपरेटरनेच मशीन बंद करायचं आणि लाल टॅग लावायचा, टूल रूमची सही झाल्याशिवाय टॅग निघणार नाही. अहवालात असा उपाय हवा, जो दुसऱ्या माणसालाही वाचवेल.

जखमी माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही तर संचालनालयाला सूचना देणं बंधनकारक आहे. ते भोगवटादार किंवा मॅनेजरचं काम असलं तरी ते वेळेत होतंय का, यावर लक्ष तुम्ही ठेवा. ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) अपघात अहवालही लगेच गेला पाहिजे. बरा होईपर्यंत कामगाराला सुमारे ९० टक्के मजुरी मिळते ती त्यावरच अवलंबून असते. ‘खासगी दवाखान्यात नेऊ, कागद नको’ असा आग्रह कंत्राटदार धरतो तेव्हा नुकसान त्या माणसाचं होतं. पुढे बोट वाकलं नाही तर कायमच्या अपंगत्वाचा लाभ मिळवायला त्याच्या हातात पुरावा राहत नाही. तेव्हा याबाबतीत ठाम राहा. कंत्राटी असला तरी तो तुमच्याच प्रेसवर जखमी झालाय.

कंत्राटी मुलांचा विषय निघालाच आहे तर थोडं त्यावर. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त धोका नव्या माणसाला, पहिल्या काही दिवसांत असतो. सकाळी गेटवर आलेला हेल्पर दुपारी ऑपरेटर रजेवर आहे म्हणून प्रेसवर बसतो. हे बंद करण्यासाठी एक साधी पद्धत चालते. कोण कुठल्या प्रेसवर बसू शकतो याची नावं प्रेसवरच लावा, फोटोसकट. नाव नसलेला माणूस बसलेला दिसला की प्रेस बंद. प्रॉडक्शन मॅनेजर याला विरोध करतील, तुम्हालाही सुपरवायझर म्हणून ते जड जाईल. तरी हे करा.

जवळपास घडलेला पण थोडक्यात टळलेला अपघात, म्हणजे नीअर मिस, कामगार का सांगत नाहीत असं सगळे विचारतात. सांगितलं की नाव विचारतात, नाव कळलं की कंत्राटदार त्याला उद्यापासून येऊ नको म्हणतो. मग कोण सांगेल? फॉर्म, पेट्या, बक्षिसं नंतर. आधी कुणी चहाच्या वेळी सांगितलेली एखादी छोटी गोष्ट, तेल सांडणारा पाइप, सैल झालेलं पेडलचं कव्हर, दोन दिवसांत दुरुस्त करून दाखवा. आणि कुणी सांगितलं ते कुणालाही सांगू नका. त्यानंतर माणसं आपणहून येतात. ‘अपघातरहित इतके दिवस’ असा फलक लावून त्यावर बोनस ठेवू नका. त्याने अपघात कमी होत नाहीत, लपवले जातात.

सह्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरच सही, तारीख आणि वेळ घालून. न झालेल्या ट्रेनिंगच्या हजेरीवर नाही, जागेवर न जाता वेल्डिंगच्या परमिटवर नाही, ऑडिटच्या आदल्या रात्री मागच्या तारखा घालून भरलेल्या चेकलिस्टवर तर नाहीच. अपघातानंतर तो कागद तुमच्याविरुद्ध वाचला जातो. उलट, ‘प्रेस क्रमांक सातचं इंटरलॉक बंद आहे, मशीन थांबवावं’ असा तुम्ही संचालकांना पाठवलेला दोन ओळींचा ईमेल तुम्हालाही वाचवतो आणि बहुतेक वेळा मशीनही दुरुस्त करून घेतो. तोंडी सांगितलेलं कामाच्या गर्दीत विसरलं जातं. लेखी आलेल्या गोष्टीकडे संचालक सहसा दुर्लक्ष करत नाहीत, कारण कायद्याने आपण कुठे उभे आहोत हे त्यांना ठाऊक असतं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. क्रेन, होइस्ट, साखळ्या आणि एअर रिसीव्हर (दाबाच्या हवेची टाकी) यांची तपासणी ठरल्या मुदतीत सक्षम (सरकारमान्य) व्यक्तीकडून झाली का पाहा, त्यांत उचलण्याच्या साधनांची वर्षातून निदान एकदा. आवाज मोजून घ्या. आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे आणि प्रेस शॉप ती सहज ओलांडतं, म्हणून इअरप्लगबरोबर दरवर्षी कानांची तपासणीही हवी. पत्रा हाताळताना कट-प्रतिबंधक हातमोजे द्या, पण ड्रिल मशीनवर हातमोजे घालू देऊ नका, फिरतं ड्रिल मोज्यासकट हात ओढून नेतं. फोर्कलिफ्टचा आणि माणसांचा रस्ता वेगळा करा.

सुरक्षा समिती तुम्हाला बंधनकारक नसली तरी नेमाच, निम्मे सदस्य कामगारांचे आणि त्यांत एक कंत्राटी, एक डाय सेटर. महिन्यातून एकदा अर्धा तास पुरे. बैठकीची सुरुवात मागच्या अपूर्ण कामांच्या यादीने करा, प्रत्येकापुढे विभागप्रमुखाचं नाव आणि तारीख. तुमचं नाव त्या यादीत फार वेळा येऊ लागलं तर समजा, इतरांची कामं पुन्हा तुमच्याकडे सरकली आहेत.

शेवटी तुम्ही विचारलंय की पुढे यातच करिअर करावं का. काम मनापासून आवडत असेल तर जरूर करा. औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा प्रगत पदविका अभ्यासक्रम करा. मुंबईत शीव इथे केंद्रीय श्रम संस्था आहे आणि राज्यात तंत्र शिक्षण मंडळाशी संलग्न संस्थांमध्येही तो शिकवतात. मर्यादा ५०० वर आल्यामुळे पात्र माणसांची गरज वाढणार आहे, आणि प्रेसवर घाम गाळलेला माणूस या कामात फार उपयोगी ठरतो.

तुमच्या प्रेस किती टनाच्या आहेत, त्यांत पिन क्लचच्या किती आणि पीस हाताने ठेवावा लागतो अशा लाइन किती, एवढं कळवा. आधी कुठल्या प्रेसला कसलं गार्ड बसवावं हे त्यावरून नेमकं सांगता येईल, आणि मालकांकडे खर्च मागताना तो क्रम तुमच्या हाताशी राहील.